सहा दिवसांचा बर्फ

चंद्रपुरात मे महिन्यात बर्फ कशाला लागतो हे कोणाला सांगावं लागत नाही. मला मात्र तो भट्टीसाठी लागायचा. पहिल्या दिवशी बर्फाच्या कारखान्यात जाऊन मी हे सांगितलं, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे. भट्टी विझवायची असेल तर नळाचं पाणी पुरेल, असं त्यांनी मला अगदी काळजीनं समजावलं. पुढे महिनाभर आमचा बर्फ ते स्वतः फोडून, सागवानाच्या भुशात घोळून, पोत्यात बांधून देत. पण या पोरीचं डोकं उन्हानं थोडं सरकलं आहे, ही त्यांची समजूत काही मी दूर करू शकले नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. मी धानोऱ्याची. चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि तिथेच सरांच्या हाताखाली पीएचडीला लागले. विभागाच्या मागे सिमेंटच्या पत्र्याची एक लांबट खोली होती, तिला प्रयोगशाळा म्हणायचं. त्या खोलीत तीन माणसं: सर, मी आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, गोंडपिपरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. काचसामान धुणं, सिलिंडर ढकलणं, चहा करणं, खिडकीतल्या कूलरच्या वाळ्यावर पाणी मारणं आणि माझा राग सहन करणं, ही सगळी कामं त्यांची. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. आई म्हणायची, ही जन्माला येतानाच भांडत आली. भाऊंनी मात्र कधी उलट शब्द काढला नाही.

माझा विषय आज सांगायला सोपा वाटतो. तेव्हा तो सांगताना मला घाम फुटे. कॅडमियम सल्फाइड नावाचा पिवळा पदार्थ असतो, अर्धवाहक. त्याची वडी निर्वात पेटीत ठेवायची आणि तिच्यावर लेसरचे ठोके मारायचे. प्रत्येक ठोक्याला वडीतून जांभळट ज्योत उसळते आणि समोरच्या काचेवर त्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचा पातळसा थर बसतो. लेसर आमच्याकडे कुठला असणार. सरांनी एका दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पत्रं पाठवून, ओळखी काढून माझ्यासाठी चार दिवस मिळवले. त्या चार दिवसांत मी चौदा काचपट्ट्या केल्या. सात लेसरच्या कमी ऊर्जेवर, सात जास्त ऊर्जेवर. जास्त ऊर्जेच्या थरावर बारीक थेंब उडालेले दिसायचे, उकळत्या डाळीचे शिंतोडे ओट्यावर उडावेत तसे. कमी ऊर्जेचे मात्र गुळगुळीत आणि इतके फिके, की काच उन्हात धरली तरच पिवळेपणा कळावा. चौदाच्या चौदा मी कापसात गुंडाळून, मिठाईच्या डब्यात भरून, रेल्वेत रात्रभर मांडीवर घेऊन आणल्या. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, प्रसाद आहे का म्हणून.

या पट्ट्यांची गंमत अशी, की त्यांचा रंग कणांच्या आकारावर ठरतो. कण जितके लहान तितका रंग फिका. आता पट्टी भट्टीत घालून तासभर तापवली, की शेजारशेजारचे कण एकमेकांना मिळतात, मोठे होतात आणि रंग लिंबाकडून हळदीकडे सरकतो. थरातले दोषही कमी होतात. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. फार तापवलं तर कण इतके वाढतात, की त्यांचं सूक्ष्मपणच जातं. मग लेसरचा सगळा खटाटोप वाया. प्रत्येक पट्टी वेगळ्या तापमानाला तापवायची आणि तापमान वाढत जाईल तसे कण किती वाढतात, लेसरच्या ऊर्जेनं त्यात काय फरक पडतो, हे शोधायचं. एकदा तापलेली पट्टी परत फिकी करता येत नाही. चौदा पट्ट्या, चौदा संधी. पंधरावी नव्हती.

आता बर्फाचं. भट्टीचं तापमान मोजायला आमच्याकडे जुनी साधी सोय होती. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, त्यांचा एक जोड भट्टीत पट्टीजवळ, दुसरा बर्फाच्या पाण्यात, थर्मासमध्ये. दोन जोडांच्या तापमानात जो फरक असेल, तो मीटर दाखवतो. बर्फ असेपर्यंत थंड जोड बरोबर शून्यावर राहतो, म्हणून मीटरवरून तक्त्यात पाहिलं की भट्टीचं खरं तापमान मिळतं. बाहेर सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश, आत पत्र्याखाली त्याहून कमी नाही, आणि त्या खोलीत शून्य अंशाची एक जागा, वीतभर उंच थर्मासात. आम्हाला तिचा फार अभिमान होता.

भाऊ रोज सकाळी सायकलवर बर्फ आणत. नऊपर्यंत मी थर्मास भरून भट्टी चालू करी; ती स्थिर व्हायला बारा वाजत, आणि मगच पट्टी तासभर आत जाई. नायट्रोजनची शिट्टी, पंपाची घरघर, वाळ्याचा वास. अकरा वाजता मी सरांच्या खोलीत आधीच्या दिवसाचं काम दाखवायला जाई, साडेअकराला परत येई. आल्यावर टेबलावर स्टीलचा पेला ठेवलेला असे, वरून दव फुटलेला. पन्हं. कैरी भाऊंच्या घरची, गूळ, वेलची आणि त्यात तरंगणारे बर्फाचे खडे. इतकं छान पन्हं मी नंतर कुठेच प्यायले नाही. आजही मे लागला की मला त्या पेल्याचीच आठवण येते, पट्ट्यांची येत नाही.

काही दिवशी परत आल्यावर मीटरचा काटा खाली आलेला दिसे. मी म्हणायची, गेलं व्होल्टेज. अख्ख्या राज्याला वीज पुरवणाऱ्या गावात दिव्याची तार लाल व्हायला लागावी, यावर आम्ही सगळेच रोज एकदा तरी बोटं मोडत असू. मी भट्टीची वीज कमी-जास्त करायचा डिमर थोडा पुढे सरकवून काटा जागेवर आणी, वहीत लिही, ‘११.३५, व्होल्टेज कमी, डिमर वाढवला’, आणि पन्हं पिई.

जूनच्या सुरुवातीला चौदाही पट्ट्या झाल्या. त्या घेऊन नागपूरला गेले, एका यंत्रावर सगळ्यांचं मोजमाप केलं आणि परत येऊन आलेख काढला. तापमान वाढेल तशी रेघ हळूहळू चढत जायला हवी होती. माझ्या कागदावर मात्र मूठभर तांदूळ फेकल्यासारखे ठिपके पडले. अडीचशे अंशांची पट्टी पावणेतीनशेवाल्या पट्टीइतकी गडद. निसर्गात असं होत नाही. एकतर थर सारखे बसले नाहीत, नाहीतर भट्टी खोटं बोलते आहे, असं म्हणून सरांनी चष्मा पुसला. सर ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही तर मला नवा मार्गदर्शक शोधावा लागणार होता, नवं गाव आणि पहिल्यापासून नवा विषय. तेवढं थांबायची ऐपत ना माझ्या घराची होती, ना माझी. त्या रात्री मी खोलीवर चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी कोरी काच घालून भट्टी तपासायला बसले. अकरा वाजता सरांकडे निघाले, पण आलेखाचा कागद विसरला म्हणून दारातूनच परत फिरले. भाऊ थर्मासचं बूच काढून बर्फाचे खडे पेल्यात घालत होते. मग त्यांनी माठातलं पाणी डावानं काढून थर्मास काठोकाठ भरला, तारा पहिल्यासारख्या आत सोडल्या आणि बूच लावलं. सगळं नीट, हलक्या हातानं, मीच शिकवलं होतं तसं. पोत्यातला बर्फ अकरापर्यंत विरघळून जायचा. माझ्या पेल्यातला बर्फ येत होता तो माझ्याच थर्मासातून.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्याजोगं नाही. शेवटी मी म्हटलं, की तुम्ही माझी तीन वर्षं एका पेल्यात घोळून मला पाजली. भाऊ पेला हातात धरून उभे होते. मग हळूच म्हणाले, "तुम्ही उन्हानं लालबुंद होऊन बसता, बाई. बरफ माणसाले सोडून त्या बाटलीत काऊन ठेवाचा? म्या गार पाणी भरलं होतं ना." माठातलं पाणी त्यांच्या दृष्टीनं गारच होतं. बाटली थंड ठेवायलाच तर बर्फ, आणि गारपणा दोन्हीकडे सारखा. त्यात चूक काय झाली हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही, फक्त मी रागावले एवढं कळलं. ते त्यांना पुरेसं होतं. त्यांनी पन्हं बाहेरच्या तुळशीत ओतून टाकलं.

सर माझ्याइतके तापले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माठातल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. सव्वीस अंश. म्हणजे बर्फ गेला की थंड जोड शून्याऐवजी सव्वीसवर, मीटर तेवढा कमी दाखवणार, मी व्होल्टेजला शिव्या देत डिमर वाढवणार आणि पट्टी प्रत्यक्षात सव्वीस अंश जास्त तापणार. सर म्हणाले, नेमके कोणते दिवस हे कळलं तर काहीच बिघडलेलं नाही, तेवढे आकडे दुरुस्त करता येतील. माझ्या जिवात जीव आला. पण ते दिवस सांगणार कोण, तर ज्यांच्यावर मी आदल्या दिवशी ओरडले होते ते.

भाऊ सगळं विसरून, म्हणजे विसरल्यासारखं दाखवून, स्टुलावर येऊन बसले. त्यांना तारखा माहीत नव्हत्या, कैऱ्या माहीत होत्या. घरच्या झाडाच्या कैऱ्या गोंडपिपरीहून एसटीनं कोणत्या वारी आल्या, एका खेपेत किती दिवस पन्हं झालं, कोणत्या दिवशी गूळ संपला म्हणून झालं नाही, कोणत्या दिवशी पोत्यातच बर्फ उरला होता म्हणून थर्मासला हात लागला नाही. मी वहीतल्या ‘व्होल्टेज कमी’च्या नोंदी त्यांच्या कैऱ्यांशी जुळवत गेले. एक जुळली, दुसरी जुळली. पाच जुळल्या. पाच ठिपके सव्वीस अंशांनी उजवीकडे सरकवले आणि मूठभर तांदळांतून माझ्या डोळ्यांदेखत रेघ उमटायला लागली. आयुष्यात इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही. मी भाऊंचा हात धरून हलवला. ते अवघडून हसले.

पण सहावी एक नोंद होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यातली, व्होल्टेज कमी म्हणून माझ्याच अक्षरात लिहिलेली, आणि ती पट्टी रेघेबाहेर एकटी उभी होती. तिलाही सव्वीस अंश दिले की ती बरोबर रेघेवर बसत होती. भाऊ मात्र तो दिवस मानेनात.

"त्या दिवशी मी इथी नव्हतोच, बाई. गावाले होतो."

मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "तुम्ही गावाला होतात, तर बर्फ कोणी आणला?"

ते वहीकडे बघत बसले. त्यांना वहीतलं अक्षर लागत नव्हतं, तरी बघत बसले. मी घाईत होते, रेघ पुरी होण्याच्या नादात होते आणि पोलिसी प्रश्न विचारून आपण जिंकलो याचं मला, खरं सांगते, बरंच वाटलं होतं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तं असंन बाई. घेतला असंन." मी सहावा ठिपकाही सरकवला.

प्रबंध जुलैच्या शेवटी गेला. त्यात एक तळटीप आहे: सहा नमुन्यांच्या वेळी प्रयोगशाळा परिचराने बर्फ काढून घेतल्यामुळे तापमानात दुरुस्ती केली आहे. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच टीप काढली. मला बोलायला चांगलं जमतं, मी पन्ह्याची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. सर हसले, परीक्षक पोट धरून हसले, मागे बसलेले प्राध्यापक हसले. भाऊ त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. परीक्षकांनी त्यांना विचारलं, हेच का ते बर्फवाले. भाऊंनी मान डोलावली आणि कप मांडले. त्या दिवसापासून कॉलेजात त्यांचं नावच बर्फवाले भाऊ पडलं. ते निवृत्त झाले त्या समारंभातही कोणीतरी ती गोष्ट सांगितली, असं मी ऐकलं. मी तेव्हा गडचिरोलीत शिकवायला लागले होते, मला जाता आलं नाही.

सहा-सात वर्षं गेली. एका मे महिन्यात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असताना माझा घोळणा फुटला. उन्हात चालत आले होते. शिपाईबाईंनी मला खाली बसवलं, रुमालात बर्फ गुंडाळून नाकावर धरला, आणि त्या गार ओल्या रुमालाचा नाकाला स्पर्श झाल्याबरोबर मला तो दिवस आठवला. धूसर नाही, सगळाच्या सगळा आठवला. भाऊ सुट्टीवर. मी स्वतः सायकल काढून बर्फाच्या कारखान्यात गेलेली. चाचांनी विचारलं होतं, आज भाऊ कहाँ गये. कॅरिअरला बांधलेल्या पोत्यातून पाणी गळत रस्ताभर रेघ पडत गेली होती. साडेअकराच्या सुमारास नाकातून भळाभळा रक्त आलं, खोलीत कोणी नाही, पोत्यात नुसता ओला भुसा. मी थर्मासचं बूच काढलं, हाताला आले तेवढे खडे ओढणीत घेतले, माठातलं पाणी आत ओतलं आणि टेबलावर आडवी झाले. उठले तेव्हा डोकं सुन्नच होतं; मीटर पाहिला, काटा खाली, रोजच्या सवयीनं हात डिमरकडे गेला. वहीत लिहिलं, व्होल्टेज कमी.

बर्फ कोणी आणला, असं मी त्यांना विचारलं होतं. बर्फ मी आणला होता.

परीक्षा संपेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग एका रविवारी गोंडपिपरीची बस धरली. भाऊंचं घर गावाच्या टोकाला, समोर ते कैरीचं झाड. भाऊ खूप वाळले होते, पण मला पाहून उठून उभे राहिले आणि आत हाक मारून सगळ्यांना बाहेर बोलावलं. सून, दोन नातवंडं, शेजारची एक म्हातारी. माझी ओळख त्यांनी जी करून दिली ती अशी, की याच त्या बाई, ज्यांच्या भट्टीतला बरफ म्या सहा दिवस चोरला. नातवंडं हसली. त्यांना गोष्ट पाठ होती. कुठे थर्मास उघडायचा, कुठे बाईंनी ओरडायचं, सगळं. भाऊंना ती गोष्ट माझ्याहून चांगली सांगता येत होती.

मी थांबवलं त्यांना. म्हटलं, भाऊ, मी माफी मागायला आले आहे. सहा नव्हे, पाच. सहाव्या दिवशी तुम्ही खरंच गावाला होतात. बर्फ मी काढला होता आणि तुमच्या नावावर टाकला. बसमध्ये अख्ख्या वाटेनं मी हीच वाक्यं घोकत आले होते.

भाऊ लहान पोराची समजूत घालावी तसे म्हणाले, "नाई बाई. सहाच. मले सगळं आठवते ना. तुम्ही लय थकून राह्यल्या, म्हणून म्या त्या दिवशीबी घेतला."

मी पुन्हा सांगितलं, ओढणीचं, रक्ताचं, सायकलचं, कारखान्यातल्या चाचांचं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून. त्यांना माझी दया येत असावी. सूनबाईनं पन्हं आणून ठेवलं. शेवटी भाऊ जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात सहा लिहून आहे. एवढ्या मोठ्या सायबानं वाचलं. छापलेलं खोटं कसं असंन?"

नातवंडं माझ्या तोंडाकडे बघत होती. ते पुस्तक मीच लिहिलं होतं.